टावरवाले तायडे

कारंज्याला बदली होऊन आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी शेजारी विळी मागायला गेले. सामानाच्या यादीत विळी होती, सामानात नव्हती. फाटक ढकललं आणि माझ्या पदरावर तांबड्या उजेडाचा एक गोळा येऊन पडला. भर दुपारी. मी पदर झटकला आणि चालत राहिले.

“ओ बाई! तांबडा दिसून राह्यला ना तुम्हाले?”

वर पाहिलं. गच्चीच्या कठड्यावर बंबाच्या धुराड्यासारखं एक पत्र्याचं नळकांडं माझ्यावर रोखलेलं आणि त्याच्यामागे एक डोळा मिटलेला माणूस.

“दिसतोय,” मी म्हटलं.

“मंग घुसल्या काहून?”

“विळी पाहिजे होती.”

“विळी भेटीन. पन अंदर दूधवाला हाय. एका टायमाले एकच. तवरोक घराले एक घिरटी मारून या.”

मी मुलींच्या शाळेची पर्यवेक्षिका. कुणाच्या घराला घिरट्या घालायची मला सवय नव्हती. मी फाटकाबाहेर हाताची घडी घालून उभी राहिले. दूधवाला बाहेर पडला, तशी माझ्या पायाशी हिरवी बत्ती पडली.

“हिरवा हाय! या! पन पोच द्या आधी.”

“म्हणजे?”

त्यांनी गच्चीवर दोन्ही हात आडवे पसरले आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलले. “पंख हालवा लागतात. तुम्हाले बत्ती दिसली हे मले कसं समजीन?”

मी नुसती मान हलवली. ते म्हणाले, “नवीन हाय तुमी. चालून जाईन.” विळी मात्र चांगली धारेची मिळाली.

हे सूर्यभान तायडे. मूळचे अनसिंगचे. विमानतळावर साहेबाच्या हाताखाली हरकाम्या म्हणून लागले आणि टावरातल्या बत्तीवर निवृत्त झाले. टावर म्हणजे ती काचेची उंच खोली, जिथून विमानांना उतरा-थांबा सांगतात. सांगायचं काम साहेबाचं, रेडिओवरून. पण ज्या विमानात रेडिओ नाही, किंवा असून बंद पडलाय, त्याला बत्तीनं सांगावं लागतं. शिकाऊ पोरांच्या विमानात तेव्हा बहुधा रेडिओ नसायचाच. ती बत्ती पुसायची, तयार ठेवायची आणि साहेबानं सांगितलेल्या रंगाची विमानावर धरायची, हे तायड्यांचं काम. “आवाज साहेबाचा, उजेड माहा,” असं ते सांगत, आणि हे सांगताना बनियनवरसुद्धा गणवेश घातल्यासारखे दिसत.

बायको वारली तेव्हा मुलगी आठवीत होती. त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, कारंज्यात दोन खोल्या आणि गच्ची बांधली आणि गच्चीवर टावर सुरू केला. ट्रकचा जुना दिवा, पत्र्याच्या डब्यांचं नळकांडं, नेम धरायला वर बंदुकीसारखी माशी आणि दिव्यापुढे सरकवता येणाऱ्या तीन काचा : तांबडी, हिरवी आणि साधी. गल्ली त्या यंत्राला ‘तोफ’ म्हणायची. तोफेची बॅटरी दर सोमवारी सायकलच्या कॅरिअरवर बसून चार्जिंगला बाजारात जायची आणि तायडे शेजारून चालत जायचे, आजारी माणसाला दवाखान्यात न्यावं तसे.

मी व्यवस्थेची माणूस आहे. दुसऱ्याच आठवड्यात मी वहीत सगळे संकेत उतरवून घेतले. स्थिर हिरवा : उतरा. लुकलुकता हिरवा : वळा, उतरायच्या तयारीत या. स्थिर तांबडा : दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. लुकलुकता तांबडा : मैदान धोक्याचं आहे, उतरू नका. नियम विमानांचे होते, तायडे ते गल्लीला लावत. दूधवाल्याला हिरवा. विम्यावाल्याला लुकलुकता तांबडा. समोरचे शिंपी रशीदचाचा बोलायला बसले की उठत नसत, म्हणून त्यांना आधी स्थिर तांबडा. चाचा बिचारे खरंच घराला दोन घिरट्या घालून यायचे आणि पोचही द्यायचे, खांद्यावर मापाची टेप तशीच.

“चाचा, तुम्ही कशाला ऐकता?” मी एकदा विचारलं.

“अरे बाई, डॉक्टरनं मले चालाले सांगितलं हाय,” चाचा म्हणाले. “घरवाली सांगते तं चालत नाई मी. याची बत्ती पडली का चालतो.”

तायड्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. तो ते कुणालाही विचारत. बँकेच्या साहेबाला, एसटीच्या कंडक्टरला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला. “समजा, तुमी वर हाय. आन रेडिओ मेला. मंग काय करसान?” समोरचा गोंधळला की ते खूश. “बत्तीकडे पाहा लागते, बाप्पा! ज्याले बोलता येत नाई त्याच्यासाठीच तं बत्ती हाय.”

मुलीला, म्हणजे कुंदाला, रिठदचं एक स्थळ आलं होतं. ती तेव्हा नुकतीच मॅट्रिक झालेली. मुलगा कचेरीत, वडील शेतकरी, मंडळी साधी. चहा झाला. तायड्यांनी मुलाला विचारलं, “रेडिओ मेला तं काय करसान?”

मुलगा सरळ होता. म्हणाला, “दुरुस्तीले टाकीन.”

“आन तवरोक?”

“तवरोक शेजारी जाऊन ऐकीन.”

तायडे उठून गच्चीवर गेले. पाहुण्यांना वाटलं, पान आणायला गेले. पाच मिनिटांनी अंगणात तांबडा उजेड लुकलुकायला लागला. मुलाचे वडील मला विचारतात, “हे काय हाय बाई?” मी त्यांच्या टोप्या गोळा करून दिल्या आणि साडेचारची एसटी आहे असं सांगितलं. कुंदा आत पोट धरून हसत होती.

ही कुंदा माझी विद्यार्थिनी. अभ्यासात नेटकी, वह्यांना कव्हर, बोलायला बापासारखीच तोंडाळ. तिच्यामुळे मी एक चूक केली. शाळेत तायड्यांचं व्याख्यान ठेवलं. त्यांनी टॉर्चवर पतंगाचे कागद लावून मुलींना संकेत शिकवले, आणि ज्या मुलींनी विमान फक्त आभाळात ठिपक्याएवढं पाहिलं होतं त्यांनी ते तासाभरात पाठ केले. पुढच्या आठवड्यात मी कुठल्याही वर्गाकडे निघाले की खिडकीत तांबडी रिबीन हलायची आणि वर्ग गप्प व्हायचा. मी परतले की हिरवी. ‘बंद करायच्या गोष्टी’ या माझ्या यादीत मी रिबिनी लिहिल्या. त्याखाली तायड्यांचं नाव लिहिलं आणि खोडलं.

राहिला पांढरा. पांढऱ्या लुकलुकत्या बत्तीचा अर्थ नियमात असा : विमान जमिनीवर असेल तर जिथून निघालात तिथं परत जा. पण तायड्यांच्या घरी पांढऱ्याला वेगळा अर्थ होता. कुंदा संध्याकाळी रशीदचाचांच्या अंगणात त्यांच्या मुलींशी खेळायची. सात वाजले की गच्चीवरून तीन वेळा पांढरा उजेड पडायचा. म्हणजे जेवायला घरी ये. कुंदा धावतच हात पसरून, कलून पोच द्यायची आणि घरात शिरायची.

“नुसती हाक मारता येत नाही का?” मी एकदा म्हटलं. “दहा पावलांवर तर आहे.”

“हाक तिची माय मारे,” तायडे म्हणाले आणि काच पुसायला लागले. “मी मारून पाह्यली. थे पोट्टी दचकली. मंग नाई मारली.”

कुंदा कॉलेजला नागपूरला गेली. तिथं विमान शिकवतात. कुठल्याशा सवलतीत तिचा नंबर लागला आणि ती शिकाऊ वैमानिक झाली. बातमी आली त्या दिवशी तायड्यांनी अख्ख्या गल्लीला हिरवा दाखवला. विम्यावालासुद्धा आत जाऊन पेढा खाऊन आला.

“माह्या पोरीले बत्तीत कोनीच हरवू शकत नाई,” ते येईल त्याला सांगत. “बाकीचे पोट्टे थेच्यात गोते खातात. हे तं दुधासंगं पेली हाय.”

मला त्यात शंका नव्हती. कुणालाच नव्हती.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी कुंदा न कळवता आली. मी तायड्यांकडे विळी परत करायला गेले होते, दुसऱ्यांदा नेलेली. कुंदा एसटीतून उतरून थेट आलेली, खांद्यावरची पिशवी खाली न ठेवता दारातच उभी राहिली. तायडे गच्चीवरून धावत खाली आले.

“बाबा, माह्यं एकटीनं उडनं पुढं ढकललं,” ती म्हणाली.

“काहून?”

“बत्तीत नापास झाले मी.”

तायडे हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

ती थट्टा नव्हती. एकटीनं उडायला सोडण्याआधी तोंडी परीक्षा होती. शिकवणाऱ्या साहेबानं सगळ्या पोरांसमोर बत्ती धरली. तांबड्या-हिरव्याची उत्तरं कुंदानं साहेबाचं बोट बटणावरून उठायच्या आत दिली. मग पांढरी लुकलुकली. साहेबानं विचारलं, तू जमिनीवर आहेस, तुला ही दिसली, काय अर्थ? आणि कुंदाच्या तोंडून निघून गेलं, “जेवायला घरी ये.”

“सगळे पोट्टे हसून राह्यले, बाबा! येता-जाता मले ‘वाढलं का, वाढलं का’ करून राह्यले. साहेब म्हने, एक महिना थांब, मंग पाहू. पांढऱ्याचा अर्थ तुमी काहून बदलला? तुमी! टावरातला मानूस!”

मला वाटलं, ते आता दोन शब्द बोलतील. ‘चुकलं माझं’ हे दोन शब्द पुरले असते. पण तायडे ताठ झाले.

“बत्ती चुकत नाई,” ते म्हणाले. “पाहनारा चुकते.”

कुंदा त्यांच्याकडे बघत राहिली. “मंग पाहनारी आता पाहतच नाई,” ती म्हणाली. पिशवी खांद्यावरच होती. आल्या पावली फिरली. स्वयंपाकघरात भाकरी थापलेली होती. ती न जेवता गेली.

दुसऱ्या दिवशी तोफेवर पोतं पडलं.

गल्लीची पंचाईत झाली. दूधवाला सवयीनं फाटकाशी हिरव्याची वाट पाहत अर्धा तास उभा राहिला आणि तिकडे लोकांचा चहा अडला. विम्यावाला सरळ आत गेला आणि तायड्यांना एक पॉलिसी देऊन बाहेर आला, स्वतःच घाबरलेला. रशीदचाचा चालायचे थांबले. “बाई, सिग्नल बंद हाय तं पूरा मोहल्ला जाम हाय,” ते मला म्हणाले. “तुमी कायतरी करा.”

मी तायड्यांना गाठलं. “पत्र लिहा तिला.”

“लिहून पाह्यलं.”

“मग?”

“‘चिरंजीव कुंदास’ लिहून झालं. पुढं काय लिहा लागते थे मले येत नाई, बाई.”

“तायडेसाहेब, रेडिओ मेला तर काय करायचं?” मी मुद्दाम विचारलं.

“बत्तीकडे पाहा लागते,” ते पुटपुटले.

“आणि बत्तीवर पोतं असेल तर?”

सात वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच त्यांचा प्रश्न त्यांच्यावरच उलटला होता, आणि मला त्याचा मुळीच आनंद झाला नाही.

दीड-दोन महिन्यांनी मला कुंदाचं पोस्टकार्ड आलं. त्यांना नाही, मला. चारच ओळी. ती परत परीक्षेला बसली, पास झाली, एकटीनं उडायलाही लागली. आता बुधवारी सकाळी पहिलाच लांबचा पल्ला, नागपूर ते अकोला, एकटीनं. वाटेत कारंज्यावर वळायचं आहे, साडेनऊच्या सुमारास. शेवटची ओळ : ‘बाबांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.’

मी ठरवायला वेळ लावत नाही. बुधवारचा पहिला तास दुसऱ्या बाईंना दिला, हजेरीच्या वहीत ‘घरगुती काम’ लिहिलं आणि कार्ड नेऊन तायड्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“बत्ती काढा,” मी म्हटलं.

“नाई.”

“अहो, तिला दिसेल.”

“म्हनूनच नाई. विमानाले बत्ती दाखवनं हे टावरचं काम हाय. कोन्या रिकामटेकड्यानं गच्चीवरून दाखवली तं शिकाऊ पोट्टं गोंधळते. एकदा गोंधळवली ना मी तिले.”

बुधवारी नऊ वाजता मी त्यांच्याकडे गेले. जिन्याकडे जाताना स्वयंपाकघर लागतं. वांग्याची भाजी झाकून ठेवलेली, ज्वारीच्या भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या, दोन पाट, दोन ताटं, दोन तांबे. कारंज्यात विमान उतरायला जागा नाही, हे तायड्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? मी वर गेले.

गच्चीवर चुन्याचा एक मोठा पांढरा गोल काढलेला होता. अजून ओला. तायडे कठड्याशी उभे, इस्त्रीचा खाकी सदरा, केस पाणी लावून बसवलेले. तोफेवरचं पोतं तसंच. समोर रशीदचाचा शिलाईचं मशीन सोडून रस्त्यात आले होते.

“हा गोल कशाला?” मी विचारलं.

“पोरीले घर ओळखू आलं पाह्यजे. चुन्याले नियम नाई.”

साडेनऊ झाले. नऊ पस्तीस. मी घड्याळ बघत होते, तायडे बघत नव्हते. नऊ चाळीसला त्यांनी मान उचलली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग ऐकू आलं, पूर्वेकडून, शिवणयंत्रासारखी घरघर. एक पिवळं, चिमुकलं विमान गावावर आलं, बाजारावरून गेलं, आणि आमच्या गल्लीवर येऊन त्यानं एक पंख खाली केला आणि गोल फिरायला लागलं.

“वळली,” मी म्हटलं. “आता अकोल्याकडे जाईल.”

विमान गेलं नाही. एक घिरटी पुरी झाली, दुसरी सुरू झाली.

“काहून घिरट्या घालून राह्यली हे?” तायडे ओरडले. “पेट्रोल मोजून दिलं असते! बाई, पाठवा तिले!”

“मी कशी पाठवू? तुम्ही पाठवा. ती थांबलीय तुमच्यासाठी.”

“मी तांबडा कुठं दाखवला?”

“दोन महिने तांबडाच दाखवताय तुम्ही,” मी म्हटलं आणि पोतं मीच ओढून काढलं.

खाली रशीदचाचा हात हलवून ओरडत होते, “तायडे! पोट्टी हवेत उभी हाय! बत्ती मार!”

तायड्यांनी तोफ धरली. बॅटरी भरलेली होती, हे मी टिपून ठेवलं. पोतं टाकल्यानंतर एकाही सोमवारी सायकल चुकलेली नव्हती तर. त्यांनी एक डोळा मिटला, विमानाबरोबर नळकांडं फिरवलं, एकदा, दोनदा नेम हुकला, आणि मग हात स्थिर झाला. हिरवा. स्थिर हिरवा. नियमात ‘उतरा’, पण उतरायला जागाच नसलेल्या आमच्या गल्लीवर त्याचा अर्थ एकच : तुला मोकळी वाट आहे.

विमान सरळ झालं. मग डावा पंख खाली गेला, उजवा खाली गेला, परत डावा, परत उजवा. सात वर्षांत त्या गल्लीत इतकी ठणठणीत पोच कुणी दिली नव्हती.

“दिसली तिले,” तायडे म्हणाले. “पाह्यलं ना तिनं? पाह्यलं.”

विमान पश्चिमेला वळलं आणि अकोल्याच्या दिशेनं लहान होत गेलं. मी पदर सारखा केला. दहाच्या तासाला मी शाळेत पोचू शकत होते.

मागे काच सरकल्याचा आवाज आला. तायड्यांनी हिरवी काच काढून साधी लावली होती. विमानाच्या शेपटीवर नेम धरून त्यांनी बटण दाबलं. पांढरी. पांढरी. पांढरी.

“आता कशाला दाखवता?” मी म्हटलं. “तिची पाठ आहे. तिला दिसणार नाही.”

“म्हनून तं आता दाखवली,” ते म्हणाले. “दिसली असती तं पुन्हा घोटाळा झाला असता.”

त्यांनी दिवा बंद केला, पण तोफेवरचा हात काढला नाही. विमान दिसेनासं झालं तरी माशीवर डोळा तसाच.

मी पर्यवेक्षिका. रस्त्यात, गच्चीवर, कुठंही पंख हलवायचे नाहीत, हे मी सात वर्षं पाळलं होतं. घरी मी एकटीच असते आणि सकाळी चहावरच शाळेत जाते, हे त्या क्षणी उगाचच आठवलं. मी पदर कमरेला खोचला, दोन्ही हात आडवे पसरले आणि डावीकडे कलले, उजवीकडे कलले.

तायड्यांनी माशीवरचा डोळा काढला.

“मला दिसली,” मी म्हटलं. “चला, वाढा.”